पाचवीतलं रीडिंग

आमच्या सरांना ‘किती वाजले’ असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते मनगट डोळ्यांजवळ नेत, मग लांब नेत, आणि म्हणत, “दहा वाजून वीस. अधिक-उणे तीन. घड्याळ सासऱ्यानं दिलेलं हाय, मी जबाबदारी घेत न्हाई.” ते नांदेडला आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला अणू आणि अणुकेंद्र शिकवायचे. कुठलाही आकडा नुसता सांगायचा म्हणजे त्यांना शर्ट न घालता बाजारात गेल्यासारखं वाटायचं. आकड्यामागे अधिक-उणे पाहिजेच.

एका वर्षी कुणाला तरी दुर्बुद्धी सुचली आणि स्नेहसंमेलनाच्या जेवणाचं काम त्यांच्याकडे आलं. आचाऱ्यानं विचारलं, पानं किती? सर म्हणाले, “दोनशे. अधिक-उणे चौदा.” आचारी बिचारा कढईसमोर उभा. “सर, म्या अधिकाच्या पुऱ्या लाटू का उण्याच्या?” यावर सरांनी त्याला दोनशेचं वर्गमूळ चौदा कसं येतं आणि मोजण्याच्या गोष्टींत तेवढी चूक कशी माफ असते, हे त्याच्याच पिठाच्या परातीत बोटानं लिहून समजावलं. जेवायला दोनशे नऊ लोक आले. सर पुढे आठवडाभर त्या आचाऱ्याची तारीफ करत होते की गणिताची जाण असलेला माणूस आहे म्हणून. आचाऱ्यानं मात्र पुढच्या वर्षी कॉलेजचं काम घेतलं नाही.

मी अर्धापूरची. घरी केळी. दहावीनंतर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला दोन वर्षं लातूरला क्लासला ठेवलं, डॉक्टर व्हायला. तिथं मी फिजिक्स शिकले नाही, फिजिक्सचे पर्याय खोडायला शिकले. चारातले तीन खोडायचे, उरेल त्याला गोल करायचा. मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो. थोडक्यात नव्हता. मग मी तोंड फुगवून नांदेडला बी.एस्सी.ला आले, आणि फिजिक्स घेतलं ते निव्वळ त्याच्यावरचा राग काढायला.

तिसऱ्या वर्षी मात्र गाडं अडलं. मला तोवर हा विषय आवडायला लागला होता आणि एम.एस्सी. करायची होती. विद्यापीठात जागा मोजक्या. थिअरीत माझी गाडी रडतखडत जायची, त्यामुळे जे काही तरायचं ते प्रॅक्टिकलच्या पन्नास मार्कांवर. चाळिशीच्या वर गेले तर यादीत नाव, नाहीतर लातूर. लातूरला माझ्या जुन्या क्लासनं मला डाउट काउंटरवर बसायची नोकरी देऊ केली होती. सकाळी आठ ते रात्री आठ एका टेबलामागे बसायचं आणि रांगेत येणाऱ्या पोरांना कुठले तीन पर्याय खोडायचे ते सांगायचं. अण्णांना ती पसंत होती. “पगार हाय, ओळखीचं गाव हाय. जागा लागली तर शिक, न्हाई तर लातूर गाठ,” एवढं बोलून ते मोकळे झाले होते.

सरांनाही एकदा लातूरनं बोलावलं होतं, हे मला मागाहून कळलं. ते कॉलेजात पर्मनंट नव्हते. तासिका तत्त्वावर होते, म्हणजे जेवढे तास तेवढं मानधन, आणि सुट्टी लागली की तेही बंद. पंधरा वर्षं हेच चाललेलं. क्लासच्या मालकानं भरघोस पगार कबूल केला तेव्हा घरच्यांनी त्यांना जवळजवळ ढकलूनच एसटीत बसवलं. चार दिवस टिकले. पहिल्याच दिवशी त्यांनी हॉलच्या मधोमध फरशीवर तुरीचा एक दाणा ठेवला. म्हणाले, “हे अणूचं केंद्रक समजा. मंग अणूची हद्द कुठवर?” कुणी म्हणालं भिंतीपर्यंत, कुणी म्हणालं जिन्यापर्यंत. सर म्हणाले चला, आणि नव्वद पोरं घेऊन रस्त्यावर उतरले. पावलं मोजत, रिक्षांचे हॉर्न खात, अडीचशे मीटरवर आडत बाजाराच्या गेटापाशी थांबले. “इथवर. आणि मधी काय? काहीच न्हाई.” पोती वाहणारे हमाल बघत राहिले. मालकानं हिशेब मांडला की एवढ्या वेळात तीस प्रश्न सोडवून झाले असते. एका पोरानं विचारलं, सर हे परीक्षेत येतं का? सर म्हणाले, “येत न्हाई. म्हणून तर सांगायलोय.” चौथ्या दिवशी मालकानं हात जोडले. हे सगळं सांगताना सरांच्या बोलण्यात कडवटपणा नसायचा. “पोरं लई हुशार हायती तिथली,” ते म्हणायचे, “चालायला सुदिक कंटाळली न्हाईत.”

आमच्या वर्गात त्यांनी याहून कहर केला होता. किरणोत्सर्ग शिकवायचा होता. एकटा अणू कधी फुटेल हे कुणी सांगू शकत नाही, पण ढीगभर अणू असले तर त्यातले निम्मे किती काळात फुटतील हे नक्की सांगता येतं, आणि त्या काळाला अर्धायुष्य म्हणतात, एवढीच गोष्ट. त्यासाठी प्रत्येकानं नाणं उडवायचं होतं. खिसे चाचपले तर वर्गात एकाकडेही नाणं नाही. सगळे फोनवरून पैसे देणारे. सर आमच्या पायांकडे बघत म्हणाले, “पायातलं काढा.”

मग आम्ही चोवीस जण एकेक चप्पल हातात घेऊन उभे राहिलो. सरांनी टाळी वाजवली की उडवायची. उलटी पडली तो अणू फुटला, त्यानं खाली बसायचं. पहिल्या फेरीत आठ बसले, मग पाच, मग चार. नेमकं तिसऱ्या टाळीला प्राचार्य दारात आले. वर्गभर चपला उडत होत्या आणि एक त्यांच्या पायाशी येऊन पडली. “हे काय चाललंय?” सरांनी अगदी अदबीनं सांगितलं, “किरणोत्सर्ग, सर.” प्राचार्य आले तसे निघून गेले. सर ती चप्पल उचलायला वाकले आणि म्हणाले, “सुलटी हाय. कुणाची? उभी राहा, तू अजून जिती हायस.”

या माणसाचा खरा जीव मात्र प्रयोगशाळेत होता, एका कपाटात. तिथं शिशाच्या जाड भांड्यात कोबाल्टची एक चकती होती, शर्टाच्या बटणापेक्षा थोडी मोठी, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली. तिच्या भांड्यावर ती कधी तयार झाली त्याची तारीख होती. शेजारी जीएम काउंटर, म्हणजे किरणोत्सर्गाचे कण मोजणारं यंत्र. एक नळी, एक डबा, डब्यावर लाल आकडे. चिमट्यानं चकती नळीखाली ठेवायची, मिनिटभर मोजायचं. यंत्र टकटक करत आकडे चढवत जातं. मग चकती न ठेवता पुन्हा मोजायचं, कारण हवेत, भिंतीत, मातीत थोडं काही तरी असतंच. ते वजा करायचं. प्रयोग एवढाच.

कोबाल्ट कॉलेजात आलं तेव्हा खोकं सरांनीच उघडलं होतं. दरवर्षी त्या तारखेला ते पाव किलो पेढे आणायचे आणि कोबाल्टची मोजणी करून एका लांबट रजिस्टरात लिहायचे. प्रयोगशाळेत एक परिचर होते, त्यांना सगळं कॉलेज मामू म्हणायचं. मामू पेढा तोंडात टाकता टाकता विचारायचे, “बुढ्ढे की तबीयत कैसी है, सर?” सर सांगायचे, “उतरायली मामू. पर कायद्यानं उतरायली.”

त्याच दिवशी ते आणखी एक वस्तू मोजायचे, पोटॅश. केळीला घालतो ते खत. त्यात अगदी किंचित किरणोत्सर्ग असतो, पण त्याचं अर्धायुष्य शंभर कोटी वर्षांच्या वर, त्यामुळे आपल्या जन्मात त्याचा आकडा उतरत नाही. “यंत्र म्हातारं झालं का कोबाल्ट, हे कळावं म्हणून म्हातारं न होणारं काहीतरी मोजावं लागतं,” सर म्हणायचे. एका चपट्या डब्यात शंभर ग्रॅम भरायचं आणि दहा मिनिटं मोजायचं. मी तिसऱ्या वर्षाला आले तेव्हा डब्यातल्या पोटॅशला पाणी सुटलं होतं. सरांनी हजेरी घेताना मला थांबवलं. “अर्धापूरची ना तू? केळी?” मी हो म्हटलं. “मंग पोटॅश असंलच घरी. किलोभर आण.”

अण्णा फोनवर वैतागले. “फी भरली, आता खत बी कॉलेजलाच द्यायचं का?” पण त्यांनी पिशवी एसटीनं पाठवली. मी स्वतः ते डब्यात भरून नळीखाली ठेवलं आणि टकटक वाढलेली ऐकली. माझ्या घरच्या खताचा आवाज होता तो. मी तिथूनच अण्णांना फोन लावला की आपल्या पोटॅशमधून किरणं निघतात म्हणून. ते म्हणाले, “मंग पोती घरात ठेवू का भाईर काढू?” सरांनी फोन माझ्या हातातून घेतला. “नमस्कार दादा. पोटॅश तुमच्या अंगात बी हाय. तुम्ही घरात राहता का भाईर?” अण्णा इतके हसले की मलाही ऐकू आलं. पोती घरातच राहिली.

आता जर्नलची गोष्ट. प्रयोगांची रीडिंग लिहायची ती वही म्हणजे जर्नल, आणि हॉस्टेलला जर्नल वारसा हक्कानं मिळतं. मला माझ्या खोलीतल्या ताईनं दिलं, तिला तिच्या आधीच्या ताईनं दिलेलं, तिला आणखी कुणी. उतरवून काढायचं. कोबाल्टचं रीडिंग होतं चार हजार एकशे बारा. पिढ्यानपिढ्या तेच. कुणी शेवटचे आकडे आपल्या आवडीनं बदलायचं, चार हजार एकशे आठ, एकशे पंधरा, एवढीच काय ती स्वतःची भर. मीही सुंदर अक्षरात चार हजार एकशे बारा लिहिलं आणि सरांपुढे नेलं.

सरांनी पेन्सिल काढून तळहातावर काहीतरी आकडेमोड केली.

“हे रीडिंग तुझं न्हाई.”

“माझंच हाय सर. मी सोता घेतलं.”

“बरं. मंग पाचवीत असताना घेतलंस. तव्हा एकटीच आली होतीस का अण्णाला घेऊन?”

वर्ग खदखदून हसला. मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. कोबाल्टचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं. चार हजार देण्याइतकं ते ताजं होतं ते फक्त आलं त्या साली, दहा वर्षांपूर्वी. माझ्या जर्नलमधलं कोबाल्ट आणि कपाटातलं कोबाल्ट यांच्या वयात दहा वर्षांचा फरक होता. सर रागावले नव्हते, उलट खूश झाले होते. “मामू, जर्नलचा जन्माचा दाखला निघाला बघा!” ते ओरडले. माझे कान तापले. वर्ग सुटल्यावर मी दार लावून घेतलं, चकती नळीखाली ठेवली आणि मोजलं. हजार आणि वर थोडे. पुन्हा मोजलं, पुन्हा हजारांच्या आसपास, पण आकडा वेगळा. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की पुस्तकातली एक गोष्ट माझ्यासमोर खरोखर घडली आहे, आणि तिला मी कोण, कुठली याच्याशी देणंघेणं नाही.

एवढं होऊनही मी पक्क्या जर्नलमध्ये चार हजार एकशे बारा तसंच ठेवलं. खरं रीडिंग कच्च्या वहीत लिहिलं. सगळेच तसं करायचे. जर्नलवर सही विभागप्रमुखांची लागायची, आणि ते न बघता सह्या ठोकायचे. दोन वर्षांपूर्वी एका मुलानं सरांचं ऐकून परीक्षेत खरं रीडिंग लिहिलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बाकीच्यांशी ताडून बघितलं, चूक धरलं आणि त्याला जेमतेम पास केलं. तेव्हापासून हॉस्टेलचा कायदा झाला, की सरांसमोर हजार, परीक्षकांसमोर चार हजार; तो मला कळायच्या आधीच मी सरांपुढे चार हजार नेले होते. मी काही जगावेगळी शूर नव्हते. मला जागा हवी होती.

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठी उचलली तर जीएम काउंटर. परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातले, हळू बोलणारे, चष्मा कपाळावर चढवलेला. सर सकाळपासून मामूंबरोबर यंत्रं मांडत होते. विभागप्रमुख आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “तासिकावाल्यांची परीक्षेला ड्युटी नसते. तुम्ही बाहेर थांबा.” सर “हाव सर” म्हणाले, हातातलं फडकं घडी करून टेबलावर ठेवलं आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. ज्या खोलीतला प्रत्येक स्क्रू त्यांनी पिळला होता, त्या खोलीच्या बाहेर. मला असला संताप आला की चकती मी नळीखाली जवळजवळ आपटलीच.

मिनिट संपलं आणि लाल आकडे थांबले. एक हजार त्रेसष्ट. नुसत्या हवेचे अठ्ठावीस. वजा जाता एक हजार पस्तीस. ठरवलेलं असं होतं की चार हजार एकशे दहाच्या आसपास काहीतरी लिहायचं. पेन टेकवलं. खिडकीतून सर दिसत होते. ते मुद्दाम माझ्याकडे पाठ करून उभे होते, चुकूनही खूण केली असं व्हायला नको म्हणून. मी उत्तरपत्रिकेवर एक हजार पस्तीस लिहिलं. मग पक्कं जर्नल उघडलं, चार हजार एकशे बारावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘हे उतरवलेलं आहे.’ तत्त्व वगैरे काही डोक्यात नव्हतं, राग होता. लिहून झाल्यावर मात्र भीती वाटायला लागली.

परीक्षकांनी माझा कागद बघितला, मग गठ्ठ्यातली चार-पाच जर्नलं उघडून बघितली.

“मुली, चार हजार हवेत. सगळ्यांचे चार हजार आहेत. जोडणी चुकली का?”

“जोडणी बरोबर आहे सर. कोबाल्ट साडेदहा वर्षांचं झालंय. सव्वापाच वर्षांत निम्मं, पुढच्या सव्वापाचमध्ये त्याचं निम्मं.” मी कागदाच्या कडेला लिहून दाखवलं. चार हजार एकशे बारा, दोन हजार छप्पन्न, एक हजार अठ्ठावीस. “आणि माझे आलेत एक हजार पस्तीस.”

त्यांनी तिन्ही आकडे स्वतः निम्मे करून पाहिले. मग म्हणाले, “गणित छान आहे. पण ट्यूबही जुनी झालीय. ती कमी मोजत असेल. कोबाल्ट उतरलं की यंत्र बिघडलं, हे तू कशावरून सांगतेस?”

प्रश्न रास्त होता. आणि मी पुन्हा तेच तीन आकडे गिरवायला लागले. विभागप्रमुख म्हणाले, “चला, पुढचा नंबर.” मला लातूरचं ते टेबल दिसायला लागलं, रांग दिसली, खोडायचे पर्याय दिसले. मी स्टुलावरून अर्धी उठलेही होते. उठता उठता तोंडातून शब्द बाहेर पडले.

“सर, दहा मिनिटं द्या. पोटॅश मोजते.”

“पोटॅश? खत?”

“हाव सर, खत.” घाबरल्यावर माझी भाषा घरी जाते.

मी पोटॅश न उतरण्याचं कारण सांगितलं. तोवर मामूंनी कपाटातून डबा काढलासुद्धा होता, आणि न सांगता लांबट रजिस्टरही. डबा नळीखाली गेला. हळूहळू बाकीच्यांचे प्रयोग थांबले. प्रिझम, लोलक, मीटर सोडून सगळे माझ्या टेबलाभोवती आले. विभागप्रमुख घड्याळ बघत होते. दहा मिनिटं संपली. सातशे एक्केचाळीस.

परीक्षकांनी रजिस्टर उघडलं. पहिल्या वर्षी पोटॅशसमोर सातशे बावन्न. मग सातशे एकोणचाळीस, सातशे एकसष्ट, सातशे अठ्ठेचाळीस, असं अगदी यंदापर्यंत. आणि शेजारच्या रकान्यात कोबाल्ट, चार हजारांवरून दरवर्षी थोडं थोडं खाली येत. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवत खालपर्यंत आले. मग माझ्या स्टुलावर बसले, चिमटा घेतला, चकती स्वतः ठेवली आणि मिनिटभर मोजलं. एक हजार सत्तेचाळीस.

“हे रजिस्टर कुणी ठेवलंय?”

विभागप्रमुख पंख्याकडे बघायला लागले. मामू म्हणाले, “बाहर खडे हैं, साब.”

परीक्षक उठून दारापर्यंत गेले. “सर, तुम्ही बाहेर का? आत या ना.” सर आत आले, पण दारातच थांबले. “दर वर्षी मोजलंत? एकही वर्ष चुकलं नाही?” “न्हाई सर,” सर म्हणाले, “एक बी न्हाई.” मला रडू आवरेना आणि हसूही आवरेना.

पन्नासपैकी अठ्ठेचाळीस पडले मला. दोन कुठे गेले ते सरांनीच नंतर सांगितलं, आलेखावर मी एकक लिहायला विसरले होते, आणि ते कापले हे उत्तम झालं असंही म्हणाले. एम.एस्सी.च्या यादीत माझं नाव लागलं. अण्णांना फोन केला तर म्हणाले, “मंग लातूरवाल्यांना न्हाई म्हणून कळव. आन सरांला इचार, पोटॅश अजून लागतं का.”

पण त्या दुपारी माझ्या मार्कांपाशी काही संपलं नाही. परीक्षकांनी जर्नलांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला आणि विचारलं, “मग हे तेवीस चार हजार कुठून आले?” हिमायतनगरचा एक मुलगा पुढे आला, एरवी वर्गात तोंडही न उघडणारा. “सर, आमचं बी उतरवलेलं हाय. आमाला मोजू द्या.” त्याच्यामागे सगळेच. परीक्षक हसले. म्हणाले, जर्नलचे मार्क अजून दिलेले नाहीत, वेळ आहे, मोजा. आणि नव्या रीडिंगखाली सही या सरांची घ्या, मला तीच चालेल. विभागप्रमुखांनी मान डोलावली. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

रांग लागली. एकेक जण स्टुलावर बसायचा, मिनिटभर मोजायचा, आकडा मोठ्यानं सांगायचा, आणि सर तो फळ्यावर लिहून मग जर्नलवर सही करायचे. एक हजार एकोणीस. एक हजार अठ्ठ्याऐंशी. एक हजार एक्केचाळीस. एकीचे नऊशे ब्याण्णव आले तर तिचा चेहरा पडला. “सर, माझं लईच कमी आलं. पुन्हा घेऊ का?” “बिलकुल न्हाई. अधिक-उणे असतंयच. आलं ते आलं. मोठ्यानं सांग.” दोघांचा आकडा नेमका एकच आला तेव्हा सगळे ‘कॉपी, कॉपी’ म्हणून ओरडले. सर म्हणाले, “ओरडू नका. एवढ्यांत एखादी जोडी जमायचीच.” पाचला संपणारी परीक्षा साडेसहाला संपली. माझा आकडा धरून फळ्यावर चोवीस झाले. परीक्षकांनी मोबाइलवर सरासरी काढली, त्यातून हवेचे अठ्ठावीस वजा केले, आणि मोबाइल सरांपुढे धरला. एक हजार एकोणतीस. यायला हवे होते एक हजार अठ्ठावीस.

टाळ्या कुणी सुरू केल्या ठाऊक नाही, पण मी सगळ्यात जोरात वाजवत होते. सर खडू हातात धरून फळ्याकडे बघत उभे होते, डोळे पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं. पंधरा वर्षांत त्यांच्या फळ्यावर असं काही उमटलं नव्हतं. मामू रोजच्या सवयीनं डस्टर घेऊन पुढे झाले, तर परीक्षकांनीच त्यांचा हात धरला.

“राहू द्या,” ते म्हणाले. “चोवीस जणांनी चोवीस उत्तरं लिहिलीत आणि सगळी बरोबर आहेत. असा फळा मी पण पहिल्यांदाच बघतोय.”